विश्लेषण : आग दिसते, सेप्सिस दिसत नाही! भिंगार-नगरच्या रुग्णालयांत रुग्णाचे श्वास मोजणार कोण?

‘अल्पशा आजाराने निधन’ हे तीन शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोज छापून येतात. आजार कोणता होता, हे त्या वार्तेत नसते आणि पुष्कळदा घरच्यांनाही नीट सांगता येत नाही. ‘साधी लघवीची जळजळ होती’, ‘पायाला जखम झाली होती’, ‘न्यूमोनिया म्हणाले’, ‘बाळंतपण तर व्यवस्थित झाले होते’ आणि शेवटी ‘कालपर्यंत बोलत होते हो!’ अशी उत्तरे मिळतात. साध्या दुखण्यापासून अतिदक्षता विभागापर्यंतचा हा दोन-तीन दिवसांचा प्रवास अनेकदा ज्या वाटेने होतो, तिचे नाव सेप्सिस.

सेप्सिसवर उपचार आहेत, औषधे आहेत. पण ते ओळखायला उशीर झाला की महागातले महाग औषधही अपुरे पडते. त्यामुळे भिंगार आणि नगरच्या रुग्णालयांत नवे यंत्र येण्याआधी एक गोष्ट यायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाजवळ सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माणसाला, मग ती परिचारिका असो, वॉर्डातला मदतनीस असो किंवा रात्रपाळीचा डॉक्टर, सेप्सिस ओळखता आले पाहिजे. आणि ओळखल्यावर हाक मारण्याचा अधिकारही मिळाला पाहिजे.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

शरीरात जंतू शिरले की प्रतिकारशक्ती त्यांच्याशी लढते. कधी कधी हा प्रतिसाद ताळ्यावर राहत नाही आणि जंतूंबरोबर स्वतःच्याच अवयवांचे नुकसान करू लागतो. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे थकतात, फुप्फुसे साथ सोडू लागतात, मेंदू गोंधळतो. संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे आणि जीव धोक्यात येणे, ही २०१६ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली सेप्सिसची व्याख्या आहे.

आपल्याकडे ‘सेप्टिक झाले’ किंवा ‘रक्तात विष पसरले’ असे म्हणतात. त्यामुळे गंजका खिळा लागला, जखम चिघळली तरच सेप्सिस होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, पोटातला संसर्ग, मधुमेह्याच्या पायाची जखम, प्रसूतीनंतरचा संसर्ग यांपैकी कशातूनही तो होऊ शकतो. नवजात बाळे, वृद्ध, मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि नुकतीच बाळंत झालेली स्त्री यांना धोका अधिक.

२०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी संबंधित होते. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्याच वर्षी जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सदस्य देशांना सेप्सिसचे प्रतिबंध, निदान आणि उपचार सुधारण्यास सांगितले होते.

मग तो दिसत का नाही?

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळे गेली होती. चौकशा झाल्या, कारवाईच्या मागण्या झाल्या आणि ‘फायर ऑडिट’ हा शब्द घराघरांत पोहोचला. ते व्हायलाच हवे होते.

सेप्सिसला मात्र धूर नसतो. हे मृत्यू वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या रात्री, एकेक करून होतात. त्यात मृत्यूच्या कारणाच्या नोंदीचा घोळ. वैद्यकीय प्रमाणपत्रात मृत्यूला कारण ठरलेल्या घटनांची साखळी लिहायची असते. नुसते ‘हृदय व श्वसन बंद पडले’ लिहू नये, अशी सूचनाही असते. तरी तेच लिहिले जाते. हृदय तर प्रत्येक मृत्यूत बंद पडते! ते का बंद पडले, हे कागदावर आलेच नाही तर जिल्ह्यात सेप्सिसने किती माणसे गेली, हे कळणार कसे? आणि जे मोजले जात नाही त्यासाठी बैठक होत नाही, निधी येत नाही, प्रशिक्षण होत नाही.

भिंगारमध्ये प्रश्न अंतराचा नाही, वेळेचा आहे

भिंगार हे लष्करी छावणीला लागून असलेले गाव. छावणी परिषदेची आरोग्यसेवा गावातच आहे. नगरचे जिल्हा रुग्णालय आणि शहरातली खासगी रुग्णालये काही किलोमीटरवर आहेत, विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून निघालेल्या रुग्णासारखी भिंगारकराची वाट लांबची नाही.

तरीही वेळ जाऊ शकतो. पहिला दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत. दुसरा दिवस जवळच्या दवाखान्यात ताप उतरवणाऱ्या इंजेक्शनात आणि एका सलाईनमध्ये. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात. तिसऱ्या दिवशी रुग्ण बडबडू लागतो, तेव्हा रिक्षा बोलावली जाते. पुढे केसपेपर, कॉट मिळण्याची वाट, पाळी बदलण्याची वेळ, ‘मोठे डॉक्टर सकाळी येतील’. यातला प्रत्येक टप्पा सुटा पाहिला तर फार मोठा नाही. पण सेप्सिसमध्ये या सगळ्यांची बेरीज होते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, सेप्सिसमुळे रक्तदाब घसरल्यानंतर योग्य प्रतिजैविक द्यायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा कमी आला, पण दिशा तीच राहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या १४९ रुग्णालयांतल्या ४९ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आला की, ठरलेले उपचार पूर्ण व्हायला लागणाऱ्या दर तासामागे मृत्यूचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

न्यूयॉर्कच्या या नोंदींमागे एक १२ वर्षांचा मुलगा आहे. रोरी स्टॉन्टन शाळेत खेळताना पडला, हाताला खरचटले. दुसऱ्या दिवशी ताप आणि उलट्या. डॉक्टरांना पोटाचा साधा आजार वाटला आणि रुग्णालयातून त्याला घरी पाठवण्यात आले. १ एप्रिल २०१२ रोजी तो गेला. त्याच्या आई-वडिलांच्या पाठपुराव्यातून २०१३ मध्ये त्या राज्याने प्रत्येक रुग्णालयाला सेप्सिस ओळखण्याची आणि उपचाराची लेखी पद्धत सक्तीची केली. अमेरिकेतल्या सुसज्ज रुग्णालयातही लक्षणांची बेरीज कोणी केली नाही तर असे घडू शकते. त्यामुळे हा केवळ गरिबीचा किंवा सरकारी व्यवस्थेचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

बेरीज कशी करायची?

मी डॉक्टर नाही, शिक्षणाने इंजिनीअर आहे. कारखान्यात एखादे यंत्र बंद पडण्याआधी थोडे गरम होते, थोडे थरथरते, थोडी जास्त वीज खाते. एकच आकडा पाहिला तर सगळे ‘चालण्याजोगे’ वाटते. सगळे आकडे एकत्र ठेवले की धोका कळतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तयार केलेला ‘न्यूज’ हा तक्ता नेमके हेच करतो. २०१२ मध्ये तो आला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वासांची गती, ऑक्सिजनची पातळी, ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान या सात गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची.

समजा, ६२ वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ दाखल झाले. त्यांच्या नोंदी अशा :

- तापमान १०० अंश फॅरनहाइट : ० गुण
- नाडी मिनिटाला ११२ : २ गुण
- श्वास मिनिटाला २४ : २ गुण
- वरचा रक्तदाब १०४ : १ गुण
- ऑक्सिजन ९४ टक्के, बाहेरून ऑक्सिजन नाही : १ गुण
- शुद्धीवर, नीट बोलतात : ० गुण

बेरीज ६. यातला एकही आकडा ‘धावा, धावा’ म्हणणारा नाही. ताप तर नावालाच. पण ५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि ७ किंवा अधिक म्हणजे आणीबाणी. घरच्यांच्या भाषेत ‘जरा बरे नाही’ असलेला हा रुग्ण तक्त्याच्या हिशेबात धोक्याच्या रेषेपलीकडे गेलेला आहे.

यासाठी लागते काय? रक्तदाबाचे यंत्र, थर्मामीटर, कोविडनंतर सगळीकडे पोहोचलेला ऑक्सिमीटर, घड्याळ आणि एक छापील कागद. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते श्वासाकडे. श्वास मोजायला कुठलेच यंत्र लागत नाही, लागतो एक पूर्ण मिनिट. आणि नेमके तेच मिनिट वाचवून अंदाजाने ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिण्याचा मोह होतो. प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच असावा : अंदाजाने लिहिलेला आकडा हा न लिहिलेल्या आकड्यापेक्षा घातक, कारण तो खोटा दिलासा देतो.

रक्तातले लॅक्टेट तपासण्याची सोय छोट्या रुग्णालयात नसेल तरी हात बांधलेले नाहीत. बोटाचे टोक दाबून सोडायचे आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. ३ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण कमी पडत असण्याची शक्यता. सेप्सिस उपचारांच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही ही साधी खूण जोडीला वापरायला सांगितले आहे.

हे आपल्याकडे जमेल का? गडचिरोलीत जमले आहे

‘हे सगळे परदेशात ठीक आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी उत्तर महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. चांगले रडणारे बाळ क्षीण रडू लागले का? नीट दूध ओढणाऱ्या बाळाने ओढणे कमी केले का? ते सुस्त झाले का? अंग तापले किंवा गार पडले का? श्वास मिनिटाला ६० वर गेले का? अशा ठरलेल्या खुणांवरून त्या सेप्सिसची शंका घेत आणि पालकांची संमती घेऊन घरीच प्रतिजैविकाचे उपचार करत.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे : उपचारांपूर्वी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या कामात प्रसूतीच्या वेळची काळजी, बाळाला ऊब, स्तनपान हेही होते, सगळे श्रेय एका इंजेक्शनला देता येणार नाही. पण सेप्सिस ओळखायला पदवीच लागते, हा समज मात्र तिथे खोटा ठरला.

पुढे २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम आशा सेविकांमार्फत देशभर सुरू झाले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विशिष्ट परिस्थितीत, म्हणजे बाळाला रुग्णालयात हलवणे शक्य नसेल किंवा हलवण्याआधी, एएनएमना जेंटामायसिन देण्याची मुभा दिली. आणि गावातल्या स्त्रीवर आरोग्याची जबाबदारी टाकण्याची कल्पना नगर जिल्ह्याला तर मुळीच नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच जिल्ह्यातल्या जामखेडला हेच काम उभे केले.

मग प्रश्न असा उरतो : गावातल्या आरोग्यदूताला जे शिकवता आले, ते परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला आपल्या रुग्णालयांत का शिकवले जात नसावे? आणि शिकवले तरी, रात्री दोन वाजता तिने ‘डॉक्टर, हा रुग्ण मला ठीक वाटत नाही’ असा फोन केला, तर समोरून ओरडा पडणार नाही याची हमी कोण देणार?

आक्षेपही खरे आहेत

या मागणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला, प्रतिजैविकांचा अतिवापर. आधीच साध्या सर्दीला प्रतिजैविके लिहिली जातात. ‘तासाभरात डोस द्या’ असा फतवा काढला तर डेंग्यूच्या, विषाणूजन्य तापाच्याही प्रत्येक रुग्णाला ती मिळतील आणि जंतू आणखी निर्ढावतील. म्हणूनच २०२१ च्या सूचना फरक करतात. रुग्ण शॉकमध्ये असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर एका तासात. शॉक नसेल आणि निदान अनिश्चित असेल तर तातडीने तपासा आणि शंका कायम राहिली तर तीन तासांच्या आत. डोसच्या आधी रक्ताचा कल्चर नमुना घेतला, तर अहवाल आल्यावर औषध बदलता किंवा बंदही करता येते. नीट ओळखता आले की उलट नको तिथली प्रतिजैविके कमी होतात.

दुसरा, परदेशी नियमांची नक्कल. हा इशारा गंभीर आहे. पूर्व आफ्रिकेतल्या तीन देशांत ३,१४१ मुलांवर झालेल्या अभ्यासात, २०११ मध्ये, भराभर सलाईन दिलेल्या मुलांत मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. झांबियातल्या २०१७ च्या अभ्यासातही प्रौढांत तसेच आढळले : नव्या पद्धतीच्या गटात ४८ टक्के, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के मृत्यू. व्हेंटिलेटर आणि बारीक देखरेख नसलेल्या ठिकाणी जास्त द्रव अंगावर येऊ शकतो. आपल्याकडे सलाईनवर लोकांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढीच ही गोष्ट कर्मचाऱ्यांना शिकवली पाहिजे : सलाईन हे औषध आहे, दर बाटलीनंतर रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण पुन्हा पाहायचे. भिंगारला चालेल अशी पद्धत भिंगारच्या साधनांकडे पाहूनच ठरवावी लागेल.

तिसरा, माणसेच कुठे आहेत? एका परिचारिकेवर भरमसाट रुग्ण असताना आणखी एक तक्ता म्हणजे आणखी एक ओझे. हे नाकारण्यात अर्थ नाही. रिक्त पदे भरल्याशिवाय कुठलाही तक्ता चमत्कार करणार नाही. पण माणसे कमी असतात तेव्हाच, वीस रुग्णांतल्या कोणत्या दोघांकडे आधी धावायचे हे कळणे जास्त गरजेचे असते. तक्ता तेच सांगतो. मात्र तो जुन्या नोंदवहीच्या जागी यावा, तिच्या जोडीला नव्हे. एकच आकडा तीन ठिकाणी लिहायला लावला तर तपासणीच्या आदल्या रात्री सगळे कागद एकाच पेनाने भरले जातील.

नेमके काय करता येईल?

- दोन तासांचे प्रशिक्षण, दर तीन महिन्यांनी. कंत्राटी कर्मचारी बदलत राहतात, त्यामुळे एकदा घेतलेली कार्यशाळा विरून जाते. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी ते वेगळे व्हावे. मदतनीस आणि १०८ रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टरांनाही त्यात घ्यावे.
- हाक मारण्याचा लेखी अधिकार. गुण ५ च्या वर गेले की परिचारिका थेट वरिष्ठ डॉक्टरांना फोन करेल आणि त्यासाठी तिला जाब विचारला जाणार नाही, असा आदेश भिंतीवर लागावा.
- तयार पेटी. कल्चरच्या बाटल्या, सुया, पहिल्या डोसची औषधे वॉर्डात एकत्र हवीत. नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये रांगेत उभा राहतो, तो वेळही त्याच तासातून जातो.
- वेळेची नोंद. रुग्ण दारात आला कधी आणि पहिला डोस गेला कधी, हे दोन आकडे केसपेपरवर हवेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदपत्रांतही ते मागता येतील. दाव्यासाठी लागणारी नोंद कुठलेच रुग्णालय विसरत नाही.
- मृत्यूचा आढावा, दोषी शोधण्यासाठी नव्हे. महिन्यातून एकदा बसून ‘कोणत्या टप्प्यावर वेळ गेला’ एवढेच पाहावे. निलंबनाची भीती असेल तिथे खरी वेळ कोणी लिहिणार नाही.

घरच्यांनी काय पाहावे?

ताप हा एकच निकष धरू नका. वृद्धांमध्ये ताप नसताना, उलट अंग गार पडूनही सेप्सिस असू शकतो. जोरात चालणारा श्वास, अचानक आलेला गोंधळ किंवा बडबड, दिवसभरात लघवी अगदी कमी होणे, हातपाय गार व त्वचा डागाळलेली दिसणे, ‘असे कधीच वाटले नव्हते’ अशी रुग्णाची तक्रार, बाळाने दूध तोडणे, बाळंतिणीला थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा.

तिथे पोहोचल्यावर आवाज चढवायची गरज नाही. दोन प्रश्न पुरेत : ‘डॉक्टर, हा सेप्सिस तर नाही ना?’ आणि ‘सिस्टर, यांचे श्वास मिनिटाला किती आहेत?’ पहिल्या प्रश्नाने विचाराला दिशा मिळते, दुसऱ्याने मोजणी सुरू होते.

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन. त्या दिवशी भिंगार आणि नगरच्या रुग्णालयांत पोस्टर लागतील, फोटो निघतील, ते आम्ही आनंदाने छापूही. पण त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सक, छावणी परिषद आणि खासगी रुग्णालयांच्या डॉक्टरांनी एकच आकडा जाहीर करावा : आमच्याकडे सेप्सिसच्या रुग्णाला दारातून आत आल्यापासून पहिला डोस मिळायला सरासरी किती मिनिटे लागतात. पुढच्या १३ सप्टेंबरला तोच आकडा पुन्हा विचारता येईल.